बरगीचा पक्षी मालवणच्या समुद्रात

तिकीट मी रागात काढलं. लोक मालवणला मासे खायला जातात, मी भांडायला गेले.

गेल्या वर्षी बंगालच्या उपसागरातलं वादळ आमच्याकडे, जबलपूरला, येऊन विरलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे गोरे काका जवळच्या बरगी धरणावर नावेत होते. निवृत्त शिक्षक, वय शहात्तर, दुर्बीण माझ्याहून जुनी. त्यांना तिथे वादळाबरोबर भरकटलेला समुद्रावरचा पक्षी दिसला: वरून काळा, खालून पांढरा, कपाळ पांढरं, शेपटी दुभंगलेली. फोटो नाही. वर्णन त्यांचं, नाव मी पुस्तकातली चित्रं बघून ठरवलं, ब्रायडल्ड टर्न, आणि पक्ष्यांच्या ऑनलाइन यादीत त्यांच्या नावाने नोंद टाकली. यादीतल्या नोंदी तपासणाऱ्या गृहस्थांनी ती एका ओळीत उडवली. जबलपूरहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात पाहावे म्हणे. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींत काका ‘समुद्रवाले काका’ झाले. हळदीकुंकवातसुद्धा त्यांच्यावरून हसणं. ते स्वतःही हसायचे, माझं मात्र डोकं फिरायचं.

हेच गृहस्थ मालवणहून समुद्रपक्ष्यांसाठी बोट काढतात असं कळलं. म्हटलं, काकांना घेऊन जाऊ आणि त्यांच्याच बोटीतून त्यांनाच दाखवू, काकांची नजर काय आहे ते.

जाणाऱ्यांसाठी सांगते: जबलपूरहून मुंबई, तिथे गाडी बदलून कुडाळ, पुढे रिक्षा. दीड दिवस धरा. इटारसीपर्यंत घरच्या पुऱ्या पुरल्या, पुढे काकांनी प्रत्येक स्टेशनावर चहा प्यायला आणि प्रत्येक चहाला नावं ठेवली. मालवणात जेटीजवळ घरगुती खोली मिळते, सुरमईचं ताट चांगलं, सोलकढी मागाल तेवढी. बोटीचे माणशी तीन हजार, त्यात नाश्ता म्हणून दोन केळी. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या. मी घेतली नाही, कारण मी तेव्हा भांडणाची वाक्यं पाठ करत होते.

पहाटे निघालो. गृहस्थ पन्नाशीचे, गळ्यात लेन्स. आम्ही कुठले ते कळल्यावर म्हणाले, “अच्छा, ते बरगीवाले!” आणि बोटीवरच्या सगळ्यांना किस्सा ऐकवला. काका ऐकत केळं सोलत होते. मी भांडायला तोंड उघडलं आणि कठड्यावरून वाकले; न घेतलेली गोळी तेव्हा आठवली.

किनारा दिसेनासा झाला तेव्हा तांडेलाने बोट हळू केली. पाण्यावर एक फळकूट तरंगत होतं, त्यावर पक्षी बसला होता. वरून काळपट, खालून पांढरा, कपाळ पांढरं. कॅमेरे सुरू झाले. गृहस्थ एकदम उदार झाले. म्हणाले, हाच ना तुमचा ब्रायडल्ड टर्न? काकांनी हो म्हणावं, नोंद मान्य करून टाकतो.

मी काकांकडे बघितलं. वर्षभर मी याच क्षणाची वाट बघत होते. काकांनी दुर्बीण लावली ती लावलीच. पक्षी उडाला, बोटीला वळसा घालून परत बसला, तरी ते बघतच होते.

“नाही हा,” काका म्हणाले. “याची पाठ तपकिरी हाय. पांढरी रेघ डोळ्याच्या मागपर्यंत गेली. माझ्यावाल्याची डोळ्यापाशीच थांबली होती, अन् पाठ पूर्ण काळी.”

म्हणजे काकांनी बरगीवर बघितला तो सूटी टर्न. याचाच चुलत भाऊ, इकडे याच्याहूनही दुर्मीळ. फोटोशिवाय तो कोणी मान्य करणार नाही, हे मला कळलं, गृहस्थांना कळलं आणि काकांनाही.

“काका, एवढं कोण बघतं? हो म्हणा, नाहीतर तुमची इच्छा राहून जाईल,” गृहस्थ म्हणाले.

“इच्छेचं काय घेऊन बसले तुम्ही, साहेब? पक्ष्याचं बोलून राहिलो मी.”

जेटीवर रेंज येताच गृहस्थांनी फोन काढला आणि तरीही ब्रायडल्डची नोंद मान्य केली. उपकार केल्यासारखा माझा खांदा थोपटला. मी काकांची पिशवी उचलून रिक्षाकडे चालू लागले.

परतीच्या गाडीत मी काकांवर तुटून पडले. एक ‘हो’ म्हणायला काय जात होतं? वर्षभर लोक हसले, मी तुमच्यासाठी एवढी लांब आले. काका म्हणाले, “तू काहून चिडून राहिली? चूक नावाची झाली. ते काढून टाक.” नाव मी टाकलं होतं. मी एवढं बोलूनही त्यांनी मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. त्याने मी जास्तच चिडले.

जबलपूरला पोचून आठवडा झाला. यादीत बरगीसमोर काकांच्या नावाची नोंद झळकत होती, मान्य आणि चुकीची. ज्यांनी खिल्ली उडवली त्यांनीच अभिनंदनाचे मेसेज पाठवले. मी सूटी टर्न म्हणून नवी नोंद टाकली. ती दुपारपर्यंत नाकारली गेली. मग जुनी उघडली आणि पुसली. गृहस्थांचा राग होता, काकांचा होता, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण पुस्तक उघडून पाच मिनिटांत नाव ठोकणारी मीच होते.

काकांना फोन करून सांगितलं, काढली. आता तुमचा पक्षी कुठेच नाही.

“बरगीवर होता ना,” ते म्हणाले.