अकराची शिट्टी

खेळातली गोळी किती वेगाने लागली, की तो खेळ राहत नाही?

मला माहीत नाही. मी फिजिक्सची पदवीधर आहे. दर रविवारी वेग मोजायचं मशीन घेऊन उभी असते. तरी माहीत नाही.

एकदा मामांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मले काहून विचारतं? ज्याले लागनार हाय त्याले विचार."

आज मामांना जाऊन वर्ष झालं.

माझ्या आईचे मोठे भाऊ. अकोल्यात बायपासजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान. उजव्या डोळ्याने दिसायचं नाही. तरुणपणी, मे महिन्याच्या भर दुपारी हवा भरताना ट्रकचा टायर फुटला होता.

कोणी विचारलंच तर म्हणायचे, "एक डोया ड्युटीवर हाय, एक रिटायर."

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याच्या मैत्रिणींना हे खोटं वाटतं.

मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. त्या दिवशी मामा बसने अमरावतीला, राजापेठेत आमच्या घरी आले आणि ग्रीस लागलेल्या हातांनीच पाया पडले.

"आता तं डबल पडा लागन. भाची बी, अन् बीएस्सी बी."

आईने माझ्या पायावरचे काळे डाग पुसू दिले नाहीत. "राहू दे संध्याकायलोक," म्हणाली.

मग अकोल्याबाहेर एअरसॉफ्टचं मैदान सुरू झालं. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, आत प्लास्टिकच्या बारीक गोळ्या. दोन टीम. गोळी लागली की खेळाडू बाद.

बऱ्याचशा बंदुका गॅसवर चालतात. त्यांचे वॉल्व्ह आणि वॉशर सांभाळायला मैदानाच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, मामांना बोलावलं. मामांनी मला. एम.एस्सी.ची फी जमवायची होती, म्हणून मी दर रविवारी अमरावतीहून जायला लागले.

माझं काम सोपं. सगळ्यांचे गॉगल तपासायचे. प्रत्येक बंदुकीचा वेग मोजायचा. आमची मर्यादा सेकंदाला साडेतीनशे फूट. त्याच्या आत असेल तर नळीवर हिरवी टेप लावायची.

पहिल्याच एप्रिलमधला एक रविवार. सकाळी सातला सगळ्या बंदुका मोजल्या, सगळ्यांवर टेप लावली.

साडेदहाला मामा आले.

"भाचीबाई, परत मोजा."

"मामा, सकाळीच मोजल्या नं. टेप आहे."

"टेपीले काय मालूम ऊन किती झालं?"

"मशीन चुकत नाही, मामा."

"मशीन बरोबरच हाय. पन ते सातचं सांगून राहिलं. आता साडेदहा झाले."

मी हसले. "फिजिक्स कोण शिकलं, तुम्ही की मी?"

हे वाक्य मला अजून टोचतं.

मामा वळले. शेडमागे गेले, कोल्ड्रिंकचे दोन रिकामे डबे घेऊन आले. सकाळी सातलाच त्यांनी एका बंदुकीने पहिल्या डब्यावर गोळी मारून ठेवली होती. डब्याला नुसता पोचा आला होता.

आता तीच बंदूक, उन्हात तापलेली. तेवढंच अंतर. दुसरा डबा भिंतीशी ठेवला आणि मारली.

आरपार भोक.

"उन्हाच्या दिवसात मी टायरात दोन पॉइंट हवा कमी काहून भरतो? बाकीची ऊन भरते."

तापमान वाढलं की गॅसचा दाब वाढतो. हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. दाब वाढला की गोळीचा वेगही वाढणार, हे मैदानात उभी असताना सुचलं नाही.

मशीन लावलं. आकडा तीनशे नव्वदच्या वर.

आणि नळीवर माझी हिरवी टेप.

मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. मग सगळ्यांसमोर मामांच्या पाया पडायला वाकले.

"अव! काय करून राहिली? पाप लागन मले!" म्हणत तेच माझ्या पायाकडे वाकले. आमची डोकी एकमेकांवर आपटली. दोन्ही टीम पोट धरून हसल्या.

तेव्हापासून अकराची शिट्टी सुरू झाली. खेळ थांबवायचा, सगळ्या बंदुका पुन्हा मोजायच्या.

एक खेळाडू भांडायला आला, "अंकल, माझी इम्पोर्टेड आहे."

मामा म्हणाले, "असन ना बापा. पन ऊन तं अकोल्याचंच हाय."

शेवटी दवाखान्यात होते तेव्हाही ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बघून सिस्टरला विचारायचे, "किती पॉइंटवर ठेवलं?" ती बिचारी रोज खरं उत्तर द्यायची.

आज मैदानावर टुर्नामेंट होती. शुक्रवारी सरांचा फोन आला होता.

"अकराचा चेक या वेळी राहू दे. पाऊण तास जातो, टीम वैतागतात. मोठ्या शहरांत कोण करतं असं?"

मी म्हटलं, "सर, तिकडे आपलं ऊन नाही."

"मग मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

सर वाईट नाहीत. माझ्या परीक्षेच्या रविवारी त्यांनी स्वतः गॉगल तपासले आहेत. शेवटच्या सेमिस्टरची फी मला याच रविवारांतून भरायची आहे. सकाळी गाडीत बसले तेव्हा खरंच ठरलं नव्हतं माझं.

अकराला शिट्टी वाजवली.

"मॅडम, फायनल आहे!" एका टीमची कॅप्टन ओरडली.

"म्हणूनच," मी म्हटलं.

चोवीस बंदुका पुन्हा मोजल्या. सर शेडखाली उभे राहून बघत होते. पुढच्या रविवारी मला बोलावतील की नाही, माहीत नाही.

येताना दुकानावर गेले. मामी म्हणाली, "मशीनवालीचा चेहरा पाह्य कसा लाल झाला." पाणी दिलं.

मामा, तुम्ही कधी पाया पडू दिलं नाही. आज कॉम्प्रेसरवरच्या तुमच्या फोटोसमोर वाकले. कोणी अडवलं नाही.

येते, मामा.

सात बंदुका मर्यादेच्या वर निघाल्या. सातही टेपा मी काढल्या.