अकरा लोंब्यांचा पुरावा

बेळगाव स्टेशनाच्या फलाटावर आईने माझ्या नव्या काळ्या कोटाच्या काजात भाताची एक हिरवी लोंबी खोचली. कराचीच्या कोर्टात कारकुनाच्या जागेवर रुजू होण्यास मी निघालो होतो. दोनच दिवसांपूर्वी मरियामातेचा जन्मसण झाला होता, आणि आमच्या खानापुराकडच्या गावच्या देवळात पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली ती नव्या पिकाची पहिली लोंबी होती. आई म्हणाली, "इनास, ह्ये आपल्याला दिल्यालं हाय. आपून मिळीवल्यालं न्हाय. इसरू नगंस." धाकटा भाऊ सांतान माझी ट्रंक डोक्यावर घेऊन हसत होता. "अण्णा, नवरदेव दिसालायस बघ!" मला लाज वाटली. मिरजेस डब्यात कोटटोपीवाले येऊन बसताच ती लोंबी मी खिडकीबाहेर टाकली.

गावी राहून आमची शेते राखणाऱ्यांनो, आणि माझ्याप्रमाणे कराचीची खारी हवा पत्करलेल्यांनो, मी पत्रे पुष्कळ लिहितो हे आपण जाणता. त्यांपैकी बहुतेकांचा आरंभ "आपणांस नोटीस देण्यात येते की" असा असतो. हे पत्र त्या जातीचे नाही. या पत्रात प्रतिवादी मीच आहे.

मी इकडे आल्यावर तिसऱ्या वर्षी वडील वारले. पंचांसमक्ष तोंडी वाटणी झाली आणि ओढ्याकाठची पट्टी माझ्या वाट्यास आली. पुढच्याच आषाढात कळले की, सांतानने तीत नांगर घालून भात लावले. माझ्या मालकीच्या जमिनीत, माझ्या लेखी संमतीवाचून! त्या दिवशी मी जेवलो नाही. पाच पानी नोटीस रजिस्टर टपालाने रवाना केली. सप्टेंबरात उत्तर आले, ते एका पाकिटातून. आत एक लोंबी आणि शाळामास्तरांच्या हस्ताक्षरात एकच ओळ: "अण्णा, तुझ्या पट्टीतली पयली लोंबी. सांतान."

माझ्या नोटिशीतील एकाही कलमाचा परामर्श नाही! दुसऱ्या वर्षी मी अधिक कडक नोटीस धाडली, पुन्हा लोंबी. तिसऱ्या वर्षीही तेच. कोणता प्रतिवादी दरसाल वादीच्या हाती असा लेखी कबुलीजबाब देतो? मी प्रत्येक लोंबी कागदात गुंडाळली, वर "निशाणी १", "निशाणी २" असे पुराव्याचे आकडे घातले, आणि आमच्या दप्तरखान्याच्या रिवाजाप्रमाणे कीड लागू नये म्हणून मध्ये कडुनिंबाचा पाला घातला. दुसऱ्याची वहिवाट बारा वर्षे चालू दिली की कायदा मूळ मालकाचा हक्क बुडवतो. बारावे वर्ष भरण्यापूर्वी दावा लावायचा, असा माझा निश्चय होता. मधल्या काळात आई आजारी पडली. "रजा मिळत नाही," असे मी कळवले. ती गेली तेव्हाही तेच कळवले. रजा मी मागितलीच नव्हती.

हे शेवटचे वाक्य मी कोणाही मनुष्यास सांगितले नव्हते. अकरावी लोंबी आल्यानंतर कुमसाराला गुडघे टेकून, भावावरच्या रागासकट पापे सांगताना ते अवचित तोंडून निघाले. आमचे कराचीचे फादर गोव्याचे, बोलण्यात मऊ आणि वादात चिवट. त्यांनी क्षमा दिली आणि नंतर अंगणात गाठून म्हणाले, "आता भावालाही क्षमा करा."

"त्याने आधी ताबा सोडावा," मी म्हणालो. "अपराध चालू असता माफी देणे कोणत्या कायद्यात बसते?"

"इनासबाब, तुमची शिक्षा आताच टळली ना? ती दया. आणि दया एकटी येत नाही, मागोमाग कृपा येते. जे आपल्या हक्काचे नाही तेही देव देतो."

"म्हणजे दावा न लावता हुकूमनामा? अशक्य!"

"तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुमचे वय काय होते?"

"आठ दिवस."

"त्या आठ दिवसांत आपण असे कोणते पुण्य मिळवले होते?"

मी टोपी घातली आणि फाटकाबाहेर पडलो. त्या रागात दोन रविवार मी देवळात मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकली.

त्याच सुमारास आमच्या गावचा पास्कू पलटणीत स्वयंपाकी होऊन कराचीस आला. साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल अशा हेतूने मी त्यास घरी बोलावले आणि अकराही निशाण्या टेबलावर मांडल्या. पास्कू पोट धरून हसला.

"आरं इनासा, लोंब्यांस्नी नंबर घाटलास? कोर्टात हुबं करणार व्हय त्यांस्नी?"

"हसू नकोस. माझ्या पट्टीत तो दरसाल भात लावतो की नाही, एवढेच सांग."

"लावतो की! पड पडली तर तण माजंल, वड्याचं पानी बांध खाईल. आन् देवळातली पयली लोंबी दरसाली तुझ्याच पट्टीतली असतीया. पाद्रीबाबानं इचारलं, 'कुणाच्या नावानं?' की सांतान म्हंतो, 'आमच्या अण्णाच्या.' सगळं गाव 'आमेन' म्हंतंय. तुला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हते. मी ज्या ज्या वर्षी त्यास गुन्हेगार ठरवले, त्या त्या वर्षी सबंध गावाने माझ्यासाठी प्रार्थना केली होती.

पुढच्या सप्टेंबरात गोव्याहून येणारी नव्या भाताची पेंढी बोटीतच भिजून कुजली. कराचीत आपली दहाबारा घरे. सणाच्या सकाळी सारी देवळात जमलेली आणि वेदीवर ठेवण्यास एक लोंबी नाही. तेवढ्यात पास्कूने मागून आवाज दिला, "इनासाकडं हाईत की! अकरा हाईत!"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. त्या लोंब्या दिल्या की पुरावा गेला, आणि पुरावा गेला की दावा गेला, हे मला त्या मंडळींत कोणाहूनही अधिक स्पष्ट कळत होते. मी घरी गेलो आणि लोंब्यांचे दप्तर तसेच उचलून आणले. फादरांनी सुतळी सोडली, आकडे वाचले, माझ्याकडे पाहिले आणि अकराही लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडले. पुढे बायकांनी दाणे कुटून खिरीत घातले. कडुनिंबाच्या पाल्यात वर्षानुवर्षे पडलेले ते दाणे! खीर कडू झाली. पास्कू ओरडला, "ह्यो इनासाचा सोभाव उतारलाय खिरीत!" सारे देऊळ हसले. मीही हसलो. मी त्या दिवशी तीन वाट्या खीर प्यालो.

पुढच्या वर्षी मी रजा मागितली. एका दिवसात मिळाली.

सांतान बांधावर उभा होता, केस पांढरे झालेले. बोलायचे ते मी वाटेत मुद्देसूद लिहून आणले होते. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, "सांतान, आईच्या वेळी मी रजा मागितलीच नव्हती."

"ठावं हाय," तो म्हणाला. "म्या आईला सांगितलं, अण्णा निघालाय, वाटंत हाय. हासत गेली बघ." मग त्याने माझ्या हाती विळा दिला. "आता आलास न्हवं? मग म्या खोटं बोललो न्हाय."

त्या सणाची पहिली लोंबी मी कापली. पाद्रीबाबांनी नाव विचारले, तेव्हा "सांतानच्या" असे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की माळ्यावरची पाखरे उडाली.

घर म्हणजे सातबारावरील नोंद, असे मी आयुष्यभर मानले. आज विचाराल तर सांगेन, मी हजर नसताना माझे नाव जिथे प्रेमाने पुकारले जात होते, ते माझे घर. त्यावर माझा हक्क कोणत्याही कोर्टात शाबीत होणार नाही, आणि याचा मला अतिशय आनंद आहे.

परतताना बेळगावच्या फलाटावर सांतानने माझ्या कोटाच्या काजात लोंबी खोचली. ती कराचीपर्यंत तशीच राहिली. गाडी हलली तसा तो बरोबरीने चालत म्हणाला, "अण्णा, फुडल्या साली लोंबी धाडू न्हवं?"

मी खिडकीतून ओरडलो, "न धाडलीस तर नोटीस पाठवीन!"