मांडीवर देव, म्हणून बसायला जागा

बायांनो, आजचं सांगते. अजून हसू आवरून नाही राह्यलं.

चंद्रपूरला परकोटाच्या जुन्या तटाजवळच्या झरपट नदीच्या जुन्या घाटावर घरच्या देवांना न्हाऊ घालायचा सासूबाईंचा नवस होता. गोंडपिपरीच्या स्टँडवर एसटी लागली तशी मी खिडकीतून देवांचीच पिशवी टाकून त्यांच्यासाठी जागा धरली. त्यांचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही.

गर्दीतून वर चढलो, तर त्या जागेवर एक भाऊ बसलेले आणि पिशवी त्यांच्या मांडीवर.

"भाऊ, ही जागा आमची आहे, देवांची पिशवी टाकून धरली," मी म्हटलं.

"पिशवीत देव आहेत ना बाई? मी उठलो तर देवाले कुठी ठेवू? खाली ठेवले तर पाप मले लागन!"

सासूबाईंनी हात जोडले. "बरोबर बोलले भाऊ. द्या माये देव." पिशवी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "आता उभ्यानं माया हातून पडले, तर पाप कोणाले?"

सगळी बस हसली. भाऊ मुकाट्यानं उठले.

चंद्रपुरात घाटाकडच्या शेअर ऑटोतही तेच. "देव आहेत, सरकून बसा." असं म्हणून सासूबाई ऐसपैस बसल्या, मी ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर!

घाटावर देवांची आंघोळ छान झाली. पण परतताना त्या म्हणाल्या, "सोमवारी दवाखान्यात जाऊ, तवाही देव घेऊन घेजो."

नाही म्हणावं तर देव कोपतील, हो म्हणावं तर पुन्हा अर्धी बाहेर लटकायची भीती वाटते. तुम्ही काय केलं असतं?