भातलावणीतलं डाएट

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न कामाचा विचारला. मी सांगितलं, वर्तमानपत्रात, डेस्कवर. त्यांनी विचारलं, म्हणजे बसून? मी हो म्हटलं. त्यावरून माझं दिवसभराचं खाणं ठरलं. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी एक भाकरी, मुगाची उसळ आणि काकडी, रात्री पुन्हा एक भाकरी आणि पालेभाजी. मधे ताक. चहा बिनसाखरेचा. भात बंद.

कारणं नेहमीची होती. वजन वाढलं होतं, रक्तातली साखर वाढायच्या बेतात होती, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती. पिरंगुटच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले. तेवढ्यात खाण्यानं जमलं तर ठीक, नाहीतर गोळ्या.

सुरुवातीचा दिवस मी निवडला. ऑफिसात संध्याकाळी पानं लागायला लागली की वडापाव येतात आणि नको म्हणणाऱ्याच्या पुढ्यातही एक ठेवला जातो. दरवर्षी भातलावणीच्या आठवड्यात मी पाच दिवस रजा घेतो. त्या आठवड्यात वडापाव नसणार, भूगावची वाहतूक कोंडी नसणार, डेडलाइन नसणार. म्हणून रजेच्या पहिल्या सकाळी डाएट सुरू केलं. तेव्हा हा हिशेब मला बिनचूक वाटला होता.

भरे गावात आमच्या आळीतली पाच घरं अजून सावडीनं लावणी करतात. सावड म्हणजे आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे आमच्या. मजुरी नाही. ज्या घरानं जितके हात दिले तितके त्या घराला परत मिळतात. पूर्वी पंधरा-वीस घरं होती. बाकीच्यांच्या जमिनींवर आता गोदामं आहेत किंवा प्लॉटचे दगड. डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं रोजानं यायची, ती मोठ्या शेतकऱ्यांनी आधीच धरून ठेवलेली असतात. त्यामुळे सावड मोडली तर आमच्या चार खाचरांत लावायला मी आणि बायको, दोघंच. या वर्षी आमची पाळी शेवटची होती आणि रोप आधीच गुडघ्याला लागत होतं. रोपाला पेरं धरली की मग ते लावलं तरी फुटवे कमी येतात. वर्षाचा तांदूळ त्या चार खाचरांतून येतो.

पहिला दिवस काकींच्या शेताचा. काकी म्हणजे आमच्या शेजारच्या घरातली सगळ्यांत मोठी बाई. नवरा गेल्यापासून शेत त्याच बघतात. दोन वर्षांपूर्वी बांधावरून पाणी सोडण्यावरून त्यांच्यात आणि आमच्यात बोलाचाली झाली होती. ती मिटली होती, निदान दोन्हीकडून तसं सांगितलं जात होतं.

मी अंडी खाऊन गेलो. पहिला तास बरा गेला. नंतर वाकून उभं राहिलं की डोळ्यांपुढचं हिरवं काळं व्हायचं आणि परत हिरवं व्हायचं. चिखलातून पाय उपसायला वेळ लागू लागला. बाकीच्यांची रांग मागे सरकत गेली, माझी तिथंच. काकींची सून माझ्या शेजारी लावत होती.

"भावजी, रोप लावताय का त्याची बातमी लिवताय?"

बायका हसल्या. मी पुढचं रोप चिखलात खुपसलं. एरवी उत्तर दिलं असतं. मला त्या वाक्याचा राग आला होता आणि राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेही कळत होतं. ते दोन दिवस तसेच गेले. भुकेपेक्षा चिडचिड जास्त होती. कुणी मोठ्यानं बोललं की नकोसं व्हायचं. बायकोनं मीठ कुठंय विचारलं तरी आरोप केल्यासारखं वाटायचं.

दुपारी काकींनी बांधावर टोपली उतरवली. गरम भात, सुकटीचं कालवण, तांदळाची भाकरी. सावडीत जेवण शेतवाल्याचं असतं. सगळे चिखलाचे हात धुऊन बसले. मी पिशवीतून माझा डबा काढला.

काकींचा हात भातात थांबला. "ह्ये काय?"

"काकी, माझं जरा वेगळं आहे. डाएट आहे."

"म्हंजी उपास?"

"उपास नाही. कमी खायचंय."

"उपास असता तर भगर केली असती. आदी सांगायचं." त्यांनी माझ्यासाठी घेतलेलं ताट सुनेच्या पुढ्यात सरकवलं. "आमच्या घरचं चालंना व्हय आता?"

"तसं नाही काकी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरनं आमचा भात न्हाई खायचा आसं सांगितलं?"

"कोणाचाच नाही खायचा."

"मग कोणाच्याच शेतात कशाला येतुया?"

कुणी हसलं नाही. बायको खाली बघून जेवत होती. ती काकींच्या पंगतीला होती, तिच्या ताटात भाताचा ढीग होता, म्हणजे घरात भांडण नाही हे दिसत होतं. पण माझा डबा त्याहून मोठा दिसत असावा. काकींनी नंतर माझ्याकडे पाहिलं नाही. आग्रहाचं दुसरं वाढप सगळ्यांना झालं, मला सोडून. मी एका भाकरीचे बारीक घास करत बसलो. शेवटचा घास संपला तेव्हा भूक सुरुवातीला होती तेवढीच होती.

दुपारनंतर मी दोनदा बांधावर बसलो. मूठ सुटून रोपं पाण्यावर तरंगली. दिवस मावळताना काकी बायकोला म्हणाल्या, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "तुमच्या घरचं दीड माणूस धरते मी. तुज्यावर माजा राग न्हाई."

घरी येऊन मी जेवणावर सूड घेतला. राग काकींचा आणि खाणं अजून कमी केलं. भाकरी अर्धी. त्यामागे काही विचार नव्हता. बायकोनं अर्धी भाकरी उचलून माझ्या ताटात परत टाकली.

"चिडून बारीक होता येत असतं तर तू केव्हाच काडी झाला असतास," ती म्हणाली. "काकींची माणसं आली नाहीत तर सांग, आपण दोघं कधी लावणार?"

मी म्हटलं, मी डॉक्टरांचं ऐकतोय. ती म्हणाली, ऐक की, पण उभा राहून ऐक.

दुसऱ्या दिवशी आळीच्या टोकाच्या घराचं शेत होतं. पॉवर टिलर त्यांचाच, चिखलणी सगळ्यांची तेच करतात. मी दुपारपर्यंत लावलं. नंतर उठून उभा राहिलो आणि गुडघ्यावर बसलो. पडलो नाही. बसलो, पण ठरवून नाही. टिलरवाल्या शेजाऱ्यानं मला काखेतून धरून बांधावर आणलं. कुणी गूळ आणला, मी नको म्हटलं, बायकोनं माझ्या तोंडात घातला. तो विरघळेपर्यंत मला तिचा, गुळाचा आणि धरणाऱ्याचा राग आला. मग राग कमी झाला, कारण साखर पोचली होती. हे इतकं साधं होतं याचाही त्रास झाला.

तिनं बांधावरूनच आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"चक्कर कशानं आली? काय करत होतात?" बाईंनी विचारलं.

"लावणी."

"कसली?"

"भाताची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आठवडाभर असते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही मला बसून काम आहे असं सांगितलंत."

"तुम्ही काम विचारलंत. ही घरची लावणी आहे."

हे मी पूर्ण गांभीर्यानं सांगितलं. आमच्याकडे काम म्हणजे पगाराचं. घरच्या शेतात दिवसभर राबून आलेला माणूसही सध्या काय करतोस विचारलं तर रिकामाच आहे म्हणतो. दुसऱ्यांच्या बातम्यांत मी रोज विचारतो की ही माहिती अर्धी का आहे. स्वतःची दिली ती अशी.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी सांगितलेलं साधं होतं. हा आहार खुर्चीवरच्या माणसाचा आहे, चिखलातल्या माणसाचा नाही. लावणी संपेपर्यंत खाणं तोडू नका. सकाळी भाकरी खाऊन निघा, मधे काहीतरी खा, पाण्यात मीठ-लिंबू घाला, दुपारी सगळ्यांबरोबर भात खा, त्याबरोबर डाळ नाहीतर मासे घ्या. कामावर परत गेलात की कमी करा, तेही एकदम नाही. आधी रात्रीचा भात, मग बाकीचं. थकवा पहिले काही दिवस थोडा असतो. उभं राहता येत नसेल तर तो थोडा नाही, तेव्हा थांबून मला फोन करायचा. शेवटी म्हणाल्या, सुरुवातीला हाच आठवडा कशाला निवडलात? मी वडापावचं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी काकींकडे गेलो. त्या चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, काकी, भात असेल तर वाढा. त्यांनी विचारलं नाही की डाक्टरचं काय झालं. ताट घेतलं, वाढलं. मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढायला आल्या तेव्हा मी ताटावर हात धरला.

"पुन्ना तेच," त्या म्हणाल्या.

"पोट भरलं, काकी."

"पोट भरल्यावर जे खात्यात त्याला जेवण म्हंत्यात. आदीचं ते नुसतं भूक भागवणं."

मी हात काढला. त्यांनी डाव भरून भात घातला. पाणी सोडण्याचा विषय निघाला नाही. आमच्या शेतावर किती जण येतील, हेही मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण तोंडात भात होता आणि त्या समोर बसून बघत होत्या.

पुढचे दोन दिवस मी सकाळी जेवून गेलो आणि दुपारी ज्याचं शेत त्याचं खाल्लं. हातातली मूठ सुटायची थांबली. सुस्ती मात्र पूर्ण गेली नाही. डाएटसाठी निवडलेल्या रजेत मी दोन वेळा भात खात होतो आणि संध्याकाळी तरीही भिंतीला टेकून बसत होतो.

आमच्या दिवशी सगळी घरं आली. काकींच्या घरून दोघींच्या जागी एकटी सून आली.

"सासूबाई म्हनाल्या, दीड द्यायचं व्हतं, पन अर्दं मानूस कसं धाडायचं," ती म्हणाली. "म्हनून मीच आले. मी दीडाचं लावते."

तिनं खरोखर तेवढं लावलं. तरी दिवस संपला तेव्हा चौथं खाचर चिखल करून तयार होतं पण रिकामं होतं, आणि सावडीत दुसरा दिवस मागत नाहीत. रोप काढून ठेवलेलं होतं, ते पाण्यात ठेवलं तरी फार टिकत नाही. मी ऑफिसात फोन करून रजा वाढवून मागितली. पलीकडच्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, काम आहे.

ते खाचर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी लावलं. बायको एका टोकापासून, मी दुसऱ्या. ती माझ्या दुप्पट वेगानं मागे येत होती. दहाच्या सुमारास आम्ही बांधावर बसून भात-आमटी खाल्ली. मग पुन्हा उतरलो. रोपाला काही ठिकाणी पेरं धरायला लागली होती, बोटाला कडक लागत होती. दुपार कलली तेव्हा शेवटची रांग संपली. माझ्याकडे चार-पाच मुठी उरल्या.

काकी बांधावरून गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. भारा न उतरवता खाचराकडे बघितलं.

"त्या कोपऱ्यात इरळ झालंय," त्या म्हणाल्या.

तो कोपरा माझा होता, रोपं लांब लांब पडली होती. मी हो म्हटलं. त्या गेल्या. बायको पाय धुवायला पाटाकडे वळली होती. मी उरलेल्या मुठी उचलल्या आणि परत आत उतरलो.