बिराप्पाच्या जबड्यातली खिडकी

"खालचा अर्धा जबडा काढावा लागेल," मी ठणकावून सांगितलं. समोर जतकडचा धनगर बिराप्पा, उजवा गाल लिंबाएवढा फुगलेला.

"आवं डाक्टर, मग मेंढरांना हाळी कशी द्यायची? माझ्या हाकंबिगार ती हलत न्हाईत."

नुकताच मी सांगलीच्या दवाखान्यात लागलो होतो. आष्ट्याच्या आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठं ऑपरेशन करायला हात शिवशिवत होते.

मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "ही सिस्ट आहे. हाडातली पाण्याची पिशवी. आतून दाबून हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ करते. त्यासाठी जबडा कशाला काढता? खिडकी करा."

म्हणजे पिशवीचा तोंडाकडचा पापुद्रा कापायचा, कडा हिरडीला शिवायच्या. दाब गेला की हाड आतून हळूहळू भरतं. मात्र ते भोक कित्येक महिने बुजू द्यायचं नाही. रोज पिचकारीनं धुऊन गॉजची पट्टी भरायची.

मन मारून मी खिडकी केली. बिराप्पाला धुणं, पट्टी भरणं शिकवलं आणि रुबाबात म्हणालो, "दर आठ दिवसांनी यायचं."

दोनदा आला. मग गायब. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं निघतात, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ते माझ्याच डोक्यात आलं नाही. उलट चार महिने मी म्हणत होतो, "बेजबाबदार माणूस! आता सडलेला जबडा घेऊन येईल." जबडा कापायची हत्यारं कुठं आहेत, तेही पाहून ठेवलं होतं.

आणि एक दिवस तो आला. मी घाईघाईनं तोंड उघडायला लावलं. भोक उघडं, आत स्वच्छ गुलाबी. गाल उतरलेला.

"पिचकारी?"

"वाटंत फुटली. कोकराला औषिद पाजायची बांबूची नळी हाय न्हवं? ती उकळून घेतली. मिठाचं पानी. पट्टी सरली तवा बायकूनं धोतर फाडून उकळून दिलं."

"पण भोक बुजलं कसं नाही?"

त्यानं माझ्याकडं कीव आल्यागत पाहिलं. "मेंढराचं गळू फोडलं की तोंड उघडंच ठिवत्यात. वरनं बुजलं की आत सडतंय. तुमी तर अर्धा जबडाच काढनार हुता. मेंढराचाबी कुनी काढत न्हाई."

मोठे डॉक्टर भिंतीकडं तोंड करून हसले. नव्या एक्स-रेत पोकळी निम्म्यावर आली होती. वर्षभरात हाड भरलं.

"केसपेपरवर सर्जन म्हणून कुणाचं नाव घालू?" मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं.

पुढं नोकरीभर पुन्हा यायची तारीख देण्याआधी मी पेशंटला विचारत आलो, "तेव्हा तुमचा मुक्काम कुठं असेल?" एवढं कळायला कॉलेजला जावं लागत नाही. मला मात्र जाऊनही कळलं नव्हतं.