हे श्वास कुठनं घेतंय?

मंगळवारी सकाळी वडील गेले. चहा झाला होता. संगणक चालू होता.

तो संगणक आम्ही दोघांनी निवडला होता, ट्रक चालवण्यासाठी. वडिलांना तरुणपणी ट्रक ड्रायव्हर व्हायचं होतं. आजोबांनी त्यांना टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं केलं. तिथल्या सुताच्या धुळीने छाती धरली आणि पुढे जिना उतरणंही जड झालं. एकदा शेजाऱ्यांकडे त्यांनी पडद्यावर ट्रक चालवायचा खेळ पाहिला. आठवडाभर दुसरं काही बोलले नाहीत.

मी शाळेत ग्रंथपाल. खेळांतलं मला काही कळत नव्हतं. पुस्तकांची करतात तशी मी सुट्या भागांची यादी केली: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि बाकीचं. पडद्यावरचा रस्ता किती स्वच्छ दिसणार ते ग्राफिक्स कार्डावर असतं, म्हणून ते चांगलं घ्यायचं आणि इतर सगळीकडे हात आखडायचा, असं ठरवलं.

दुकानात वडील हट्टाने आले. दुकानदाराने आधी खुर्ची दिली.

"गेम कोण खेळणार, काका? नातू?"

"मीच. वय सांगू का लायसन दाखवू?"

दुकानदार हसला. सगळे भाग ज्यात बसवायचे ते कॅबिनेट त्याने समोर ठेवलं. पुढून काच, आत निळे-लाल दिवे. आमच्या बजेटात बसत होतं. वडिलांनी काचेवर तळहात फिरवला, मग कॅबिनेट वळवून मागून पाहिलं.

"मालक, हे श्वास कुठनं घेतंय?"

मला लाज वाटली. "अण्णा, यंत्र आहे ते," मी हळूच म्हणाले.

"यंत्र हाय म्हणूनच इचारतोय. तोंडाला सूत बसलं की मोटर जळती. चाळीस वर्षं तेच बघितलं की."

दुकानदार आत गेला आणि दुसरं घेऊन आला. काळं, साधं, पुढे जाळी, जाळीमागे पंखे. "काका बरोबर बोलतेत, मॅडम. आपल्या उन्हाळ्यात काचेचं लई तापतंय."

पण ते महाग होतं. ते घ्यायचं तर कार्ड हलकं घ्यावं लागणार होतं. मी वडिलांना तसं सांगितलं. "रस्ता पुसट दिसेल, अण्णा."

"दिसू दे की. मला खरा रस्ता बी पुसटच दिसतोय. गुदमरायला नको, बास."

यादीतलं कार्ड मी खोडलं.

खेळातले रस्ते परदेशातले होते. वडिलांना त्याचं काही नव्हतं, ते आपल्याच हायवेवरच्या गावांची नावं घेत. "मोहोळ गेलं बघ," ते स्वयंपाकघरात ऐकू येईल असं ओरडत. खोकला आला की ट्रक कडेला घेत, इंडिकेटर देऊन. दम परत आला की निघत.

दर रविवारी ते कॅबिनेटची जाळी काढून नळाखाली धरत, उजेडात बघत, पुन्हा धरत. एकही भोक बुजलेलं त्यांना चालत नसे. कारखान्यात त्यांच्या तोंडाला साधा रुमालही नसायचा.

संगणक आहे. मला ट्रक चालवता येत नाही. रविवारी जाळी मी धुते.