कानशींना तेल

आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून काम केलं, तेव्हा मुलुंडचा एक कारखाना अर्धा दिवस बंद पडला.

कारखाना म्हणजे तरी काय, आग्रा रोडला लागून पत्र्याची एक शेड आणि आत आठ माणसं. आमच्या घाटकोपरच्या शाळेत तेव्हा तांत्रिक शाखा नव्यानंच निघाली होती. दहावीच्या मुलांनी दर शनिवारी खऱ्या कारखान्यात जाऊन हाताला काळं लावून घ्यायचं, असं ठरलं. सरांनी मुलांच्या जोड्या लावल्या. वर्गात मुलं एकोणीस, आणि उरलेला मी. "तू शहाणा आहेस, एकटा जाशील," सर म्हणाले. माझ्या शहाणपणाचा असा जाहीर उल्लेख त्यानंतर कुणी केलेला नाही.

शेडमधल्या म्हाताऱ्या फिटरनी मला भिंतीकडच्या टेबलाशी उभं केलं. टेबलावरच्या लोखंडी जबड्यात एक ठोकळा आवळून दिला, हातात कानस दिली आणि म्हणाले, "घास. वरची बाजू सपाट." झालं. त्यानंतर तीन शनिवार माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

माणसं वाईट नव्हती. सगळे कोकणातले, आपसांत मालवणीत एकमेकांची टर उडवत असायचे. मी जवळ गेलो की ती थट्टा जरा खाली बसायची, पाहुणा आल्यावर घरातलं भांडण बसतं तशी. जेवायच्या सुट्टीत ते गोल करून बसत. मी खोक्यावर, भिंतीकडे तोंड करून. आई डब्यात चार पोळ्या जास्त घालायची: "चार माणसांत जातोयस, वाटून खा." त्या चारही मीच खायचो आणि घरी सांगायचो, "त्यांना फार आवडल्या." पुढच्या शनिवारी आई सहा घालायची. एकटेपणानं माणसं झुरतात म्हणे. मी जाड झालो.

शाळेच्या कागदावर मालकांची सही मिळणार होती, त्याची मला काळजी नव्हती. त्या शेडमध्ये कुणीतरी मला एकदा हाक मारावी, एवढंच हवं होतं.

चौथ्या शनिवारी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. ते पुसून, तेलाचा हात फिरवून पूजेला मांडायचं. प्रत्येक जण आपापली हत्यारं घेऊन बसला. माझं असं एकही नव्हतं. कोपऱ्यातल्या पेटीत मात्र कारखान्याच्या चौदा कानशी होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मला त्यांची दया आली. मी बसलो आणि एकेकीच्या दातादातांत तेल जिरवलं. पूजेत ओळीनं मांडल्या तेव्हा अशा चमकत होत्या! मी तरंगतच घरी गेलो.

रविवारी दसरा. सोमवारी कारखाना सुरू झाला आणि एकही कानस लोखंडाला धरेना. तो गोंधळ मी पाहिला नाही. मी तेव्हा भूगोलाच्या तासाला होतो.

पुढच्या शनिवारी माझ्या टेबलावर दहा कानशी रचलेल्या.

"झिला, हयसर ये," फिटर म्हणाले. ती पहिली हाक. "कानशीक तेल? अरे, तेल लागला की ती सरकता. घासूची कशी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "भजी तळूक घेतलंस काय रे त्या पेटीत?" सगळे हसले.

"चार साफ केलंय, कामाक व्हयी होती. बाकीची तुझ्यासाठी ठेवलंय," फिटर म्हणाले. मग जरा दरडावून, "कोणी शिकयल्यान तुका तेल लावूक?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "होय. कोणीच नाय."

मग स्टूल ओढून ते माझ्याशेजारी बसले. कानस रॉकेलनं धुवायची, तारेच्या ब्रशनं दात साफ करायचे, वरून खडू घासायचा, म्हणजे तेल राहत नाही आणि लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही. खडू संपला, तेव्हा म्हणाले, "शाळेतलो ना रे तू? मग खिशात खडू नाय?"

पुढच्या शनिवारी मी वर्गातले पाच खडू चोरून नेले. नंतर प्रत्येक शनिवारी नेले. नाताळच्या सुट्टीआधी मालकांची सही झाली. निघताना खडूचा उरलेला तुकडा मी फिटरांच्या टेबलावर ठेवला. यंत्र चालू होतं, त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा त्या बाजूला मी गेलो नाही.

दर खंडेनवमीला मी हे घरी सांगतो आणि घरातले दर वर्षी सौजन्यानं हसतात. यंदा बायको शिवणयंत्राला कुंकू लावता लावता थांबली.

"अहो, त्या फिटरांचं नाव काय?"

मी आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"विचारलं नाही कधी."

"आणि बाकीच्या सात जणांची?"

मी कुंकवाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"कमाल आहे," ती म्हणाली. "आणि इतकी वर्षं मी समजत होते, न बोलणारे ते होते."